माऊ दाराबाहेर

घड्याळांच्या कारखान्याचं पाळणाघर मुख्य फाटकाला लागून होतं. मोकळी हवा, भरपूर ऊन, आयांना येता-जाता सोयीचं, अशी कारणं साहेब लोक पाहुण्यांना सांगायचे. खरं कारण बायकांना ठाऊक होतं. पाळणाघर जोडणीच्या हॉलजवळ असतं तर रडण्याचा आवाज आत गेला असता, आणि पोराचा आवाज कानावर पडला की आईच्या चिमट्यातला स्क्रू सुटलाच म्हणून समजा. ते स्क्रू खसखशीएवढे. एक पडला की चार बायका गुडघ्यांवर. म्हणून पोरं फाटकाशी, आया आत, आणि मधे सायकलींची लांबलचक शेड, अशी ती व्यवस्था होती.

त्या पाळणाघरात माऊनं अख्खं आयुष्य काढलं असं कुणी म्हटलं तर तिला राग येतो. "अख्खं कसलं? शिल्लक आहे अजून," म्हणते. तेव्हा तिची मर्जी राखून एवढंच म्हणू, की हातात बळ होतं तोवरचं सगळं आयुष्य तिनं तिथे काढलं. आणि आता जे उरलंय, त्यातही ती मनानं बराच वेळ तिथेच असते.

माऊ हे काही तिचं खरं नाव नव्हे. बोलायला शिकणाऱ्या कुठल्याशा पोराच्या तोंडून 'मावशी' पुरतं निघेना, जेवढं निघालं तेवढं तिला चिकटलं. पुढे पहारेकरी, साहेब, तिचा नवरा, सगळेच तिला माऊ म्हणू लागले. नवऱ्याच्या तोंडी ते फार गोड वाटायचं, असं ती आजही लाजून सांगते. तो जाऊन बरीच वर्षं झाली.

खरं तर ती कारखान्यात आली होती घड्याळं जोडायला. परीक्षेला बसवलं, हातात चिमटा दिला. तिचे हात रुंद, बोटं जाड. चिमटा तिच्या हातात गेला तो दिसेनासाच झाला. परीक्षा घेणाऱ्या बाईनं तिथल्या तिथे मान हलवली. पण तेवढ्या वेळात झालं होतं असं, की परीक्षेलाच आलेल्या दुसऱ्या एकीनं आपलं पोर "जरा धरता का?" म्हणून माऊच्या मांडीवर ठेवलं होतं. ती पास झाली आणि लगेच हॉलमध्ये गेली. माऊ नापास झाली, पण पोर झोपलेलं. झोपलेलं पोर बाकावर टाकून घरी जायचं तरी कसं? ते उठेपर्यंत बसावं म्हणून ती बसली. पाळणाघराच्या थोरल्या बाई दोनदा बाहेर येऊन बघून गेल्या, आणि तिसऱ्यांदा आल्या त्या एप्रन घेऊनच.

थोरल्या बाई म्हणजे पाळणाघराच्या मुख्य. काटकुळ्या, केस आवळून बांधलेले, आवाज कधी चढवायच्या नाहीत. पण त्या बोलायला लागल्या की हॉलमधल्या सुपरवायझरलासुद्धा घाम फुटायचा. त्यांचं म्हणणं असं, की पोर सांभाळणं कुणालाही येतं, पण पोर रुजवणं वेगळं. एका जागचं रोप उपटून दुसरीकडे लावायचं तर मुळाला माती राहू द्यावी लागते, आणि ती माती म्हणजे काय ते प्रत्येक पोराचं निराळं असतं. एकाला झोपताना पाठीवर थाप लागते, एकाला स्वतःच्या कानाची पाळी चोळायला लागते, एकाला काहीच नको असतं, फक्त कुणीतरी शेजारी बसून जांभई द्यायची. थोरल्या बाई पहिल्या दिवशी आईला हेच विचारत बसायच्या. आया बिचाऱ्या लस टोचल्याची माहिती घेऊन आलेल्या, आणि या विचारणार, "झोपताना तुमचं काय धरतो?"

त्यांची शिस्त कडक होती. पहिली गोष्ट, चोरून जायचं नाही. पोर खेळात रमलं की हळूच सटकायचं, हा प्रत्येक आईचा पहिला डाव. थोरल्या बाई दारात उभ्या. "सांगून जा. रडलं तर रडू दे. आज फसवलंत तर उद्यापासून ते खेळणार नाही, दारावर पहारा करत बसेल." दुसरी गोष्ट, नव्या पोराला एकच मांडी. खाऊ घालणं, पुसणं, झोपवणं, सगळं त्याच मावशीनं करायचं, ते पुरतं बसेपर्यंत दुसरीनं मधे हात घालायचा नाही. तिसरी गोष्ट, आईनं अंगावर घातलेला एक जुना कपडा, न धुतलेला, पोराच्या उशीखाली. आणि पहिले काही दिवस आईनं खोलीत येऊन बसायचं, पण खुर्चीसारखं.

"खुर्ची कशी असते?" थोरल्या बाई विचारायच्या. "ती हाका मारत नाही, खेळवत नाही, शाबासकी देत नाही. आहे तिथे असते. पोर तिला धरून उभं राहतं, चार पावलं लांब जातं, परत येऊन हात लावून बघतं. आहे ना? आहे. मग पुन्हा जातं. तुम्ही इथे खुर्ची आहात."

आयांना ते फार जड जायचं. हातातल्या हातात बोटं मोडत बसायच्या. एक तर कोपऱ्यात बसून सबंध वेळ जमिनीकडे बघायची, कारण पोराशी नजरानजर झाली की तिला हसू यायचं आणि हसू आलं की रडू यायचं. माऊ त्यांना लांबून बघून गालातल्या गालात हसायची. किती सोपं आहे, नुसतं बसायचं तर आहे, असं तिला वाटायचं.

माऊच्या मांडीवर किती पोरं रुजली त्याचा हिशोब तिनं ठेवला नाही, पण एकेक पोर तिला आठवतं, ते त्याच्या येण्याच्या रीतीवरून. एक होता तो आल्यापासून आपली पिशवी खांद्यावरून उतरवू देईना. जेवताना पिशवी, झोपताना पिशवी. पिशवी उतरवली म्हणजे आपण राहायला आलो, हे त्याला कळत होतं. माऊनं काय करावं? आपलीही पिशवी खांद्याला अडकवून ती दिवसभर वावरू लागली. एक दिवस दुपारी तिनं ती खुंटीला लावली आणि पाठ फिरवून दुसऱ्या कामाला लागली. थोड्या वेळानं बघते तर तिच्या खुंटीखाली जमिनीवर त्याची पिशवी ठेवलेली. खुंटीपर्यंत हात पोचला नव्हता, एवढंच.

एक मुलगी मुळीच रडली नाही. पहिल्या दिवशी हसत आली, बाकीच्या रडणाऱ्यांकडे नवलानं बघत राहिली. तिची आई कॉलर ताठ करून फिरत होती. थोरल्या बाई म्हणाल्या, "हिच्यावर लक्ष ठेव. हिला अजून कळलेलं नाही की हे रोजचं आहे." आणि तसंच झालं. इतर पोरं रुळली तेव्हा कुठे हिच्या ध्यानात आलं, आणि मग तिनं असा सूर लावला की पहारेकरी चौकी सोडून बघायला आला.

त्या उशीखालच्या कपड्यांवरून एकदा तर अनर्थच झाला. नवी मावशी आली होती, तिला स्वच्छतेचं भारी वेड. एका शनिवारी सगळे गेल्यावर तिनं ते कपडे बघितले. कुठे दुधाचा डाग, कुठे घामाचा वास, कुठे पोरांनी चोखून चोखून कडक केलेली बाही. तिच्या जिवाला ते बघवेना. तिनं मोठं पातेलं ठेवलं, सगळे उकळत्या पाण्यात घातले, साबण लावून खसाखसा धुतले, वाळवून इस्त्रीसुद्धा केली. सोमवारी दुपारी झोपेची वेळ झाली आणि एकेक पोर उशीखाली तोंड खुपसून वास घेऊ लागलं. मग वर बघायला लागलं. मग एकानं सुरुवात केली आणि सगळी खोली उठली. जुनी, महिनोन् महिने रुळलेली पोरंही पहिल्या दिवसासारखी ओरडत होती. ती मावशी मधोमध उभी, हातात इस्त्री केलेला कुडता, आणि स्वतःही रडत होती. थोरल्या बाई तिला रागावत बसल्या नाहीत. त्या सरळ सायकलींची शेड ओलांडून हॉलमध्ये गेल्या आणि आयांच्या अंगावरचे एप्रन, रुमाल, जे मिळेल ते गोळा करून आणलं. त्या दिवशी कारखान्यात बायकांनी बिनएप्रनचं काम केलं. माऊ हे सांगते तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी येतं.

एक गोष्ट मात्र ती हसून सांगत नाही. तिची स्वतःची लेकही त्याच पाळणाघरात वाढली, आणि थोरल्या बाईंचा नियम असा, की स्वतःचं पोर स्वतःच्या मांडीवर घ्यायचं नाही. लेक दुसऱ्या एका मावशीकडे दिली होती, तिला सगळे उंच मावशी म्हणायचे. खोली तीच. हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर लेक दुसरीच्या मांडीवर बसून माऊकडे बघायची, आणि माऊच्या मांडीवर दुसऱ्यांची दोन. माऊनं एकदा धीर करून विचारलं, एकदाच घेऊ का म्हणून. थोरल्या बाई म्हणाल्या, "तू तुझी घेतलीस तर बाकीच्यांना कळेल, की माऊची खरी ती एकच. मग त्यांनी कुणाकडे जायचं?" त्यांचं खोटं नव्हतं. म्हणून तर जास्त लागलं. लेक आता मोठी झाली, दातांच्या कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत कामाला लागली, तिचे हात बापावर गेलेत, बारीक आणि नेमके. पण रंगात आली की टोमणा मारतेच, "मी काय, तुझ्या मांडीवर फक्त रविवारी बसले."

मग लोकांनी मनगटावर बघायचं सोडलं, खिशातल्या फोनवर वेळ बघू लागले, आणि कारखाना बंद झाला. आधी एक हॉल, मग दुसरा. सायकली कमी होत गेल्या. पाळणाघरात शेवटी एकच पोर उरलं होतं, आणि त्याला चार मावश्या. थोरल्या बाई तोवर वारल्या होत्या. बरं झालं त्यांना ते बघावं लागलं नाही, असं माऊला वाटतं. आता तिथे गाड्या धुण्याचं केंद्र आहे. माऊ त्या रस्त्यानं जायचं टाळते, आणि टाळता आलं नाही तर मान दुसरीकडे फिरवते.

अशात नात झाली. गालात घास साठवून ठेवायची सवय, म्हणून तिचं नाव खारू पडलं. जावई मालगाडी चालवतो, आज इथे तर उद्या कुठे. लेक कामावर. तेव्हा खारू जन्मल्यापासून आजीकडे, आणि आजी काय करणार, थोरल्या बाई काही बघायला येणार नव्हत्या. रविवार सोडून हुकलेल्या सगळ्या दिवसांची बाकी माऊनं नातीकडून वसूल करून घेतली. सकाळी मांडीवर, दुपारी मांडीवर, भाजी निवडताना मांडीवर. खारूही तिला माऊच म्हणे. दुसऱ्यांच्या आयांना खुर्ची व्हायला सांगणारी बाई स्वतः अशी वितळून गेली होती, आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

खारू सव्वा वर्षाची झाली तेव्हाची गोष्ट. टबातून तिला उचलताना माऊचं मनगट अचानक गेलं. कळ नाही, काही नाही, हात एकदम दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा झाला. खारू धपकन परत पाण्यात बसली आणि खिदळायला लागली. तिला वाटलं, नवा खेळ. माऊ हसली नाही. तिनं त्याच संध्याकाळी लेकीला सांगून टाकलं.

"मग मी नोकरी सोडते," लेक म्हणाली.

"नोकरी सोडायचं काही कारण नाही. मागच्या गल्लीत पाळणाघर आहे."

"ती राहणार आहे का तिथे? तुला सोडून ती शेजारच्या काकूंकडे जात नाही."

"राहील. मी बसवते तिला. पोरं बसवण्यातच हयात गेली माझी."

लेकीनं पंधरवड्याची रजा काढली. रजा संपली की सोमवारी कामावर हजर व्हा, नाहीतर टेबल दुसऱ्याला देतो, असं तिच्या साहेबानं स्पष्ट सांगितलं होतं. तिला स्वतः पाळणाघरात जाऊन बसायचं होतं. माऊनं उडवून लावलं. "तू नको. तू दारातच रडशील, मी ओळखते तुला. यातलं मला कळतं."

मागच्या गल्लीतलं पाळणाघर म्हणजे एक बैठं घर होतं. बुटकी कपाटं, दारात बुटक्या खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एकेक चित्र. खारूच्या वाट्याला बदक आलं. तिथली ताई तरुण होती, पायात मोजे, केसांचा डोक्यावर बुचडा. तिनं माऊला भिंतीशी एक उशी दिली. "आजी, तुम्ही इथे बसा. फक्त बसायचं, काही करायचं नाही. ती आपोआप सुटी होईल."

माऊ हसली. मला शिकवतेय, असं तिच्या मनात आलं.

ती बसली. थोड्या वेळानं एक पोर जवळून गेलं, त्याचं नाक वाहत होतं. वाहतं नाक समोर दिसत असताना स्वस्थ बसणं माऊच्या रक्तातच नव्हतं. तिनं पुसलं. नाक पुसणाऱ्या माणसाला पोरं ओळखतात. ते पोर वळून तिच्या मांडीवर बसलं. त्याला बघून दुसरी आली, तिच्या पायातला मोजा निघाला होता, तो माऊनं घातला. दुपारपर्यंत माऊच्या दोन्ही मांड्या भरल्या होत्या आणि एक पाठीला लोंबकळत होतं. तिला कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. पोरांच्या डोक्यांचा तो वास, दुधाचा आणि घामाचा. क्षणभर तिला वाटलं, आता भोंगा होईल आणि शेडमधून आया धावत येतील.

आणि खारू? खारू चवताळली होती. एकेकाला ढकलत होती, चिमटे काढत होती, शेवटी माऊच्या गळ्याला अशी मिठी मारून बसली की जेवायलाही उतरेना. ताईनं भिंगरी फिरवली, साबणाचे फुगे उडवले. खारूनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर दारातूनच सुरुवात. पहिला आठवडा गेला, दुसरा निम्मा गेला, आणि खारू ताईच्या हातून पाणीसुद्धा पिईना. माऊ घरी येऊन सांगायची, "वेळ लागतो गं. एकेकाचा स्वभाव." लेक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची.

गुरुवारी संध्याकाळी ताईनं माऊला खुंट्यांपाशी गाठलं. तिला बोलायला जड जात होतं, ते दिसत होतं.

"आजी, उद्यापासून तुम्ही आत नका येऊ."

माऊला आधी कळेचना. "मी?"

"दारातून सोडून जायचं."

"अगं, तुझं वय नसेल तेवढी वर्षं मी हेच केलंय. या दोन हातांनी..."

"माहीत आहे आजी. म्हणूनच म्हणते. तुम्ही आत असताना माझ्या मांडीवर कोण कशाला येईल? खारू तर नाहीच येणार. बाकीचीही येईनाशी झालीत."

माऊ ताड ताड घरी आली. चपला एकीकडे, पिशवी एकीकडे. लेकीनं विचारलं तर म्हणाली, "त्या पोरीला काही येत नाही." लेक खारूला घेऊन खाली बसली. बराच वेळ तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "जाऊ दे आई. नाही जमत तर नाही. मी कळवते त्यांना, सोमवारी येत नाही म्हणून."

माऊला आता काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. एवढं केलं असतं की खारू घरी राहिली असती, मांडी राहिली असती, सगळं होतं तसं राहिलं असतं. माणसाचं मन मोठं वस्ताद असतं. आपल्याला हवं तेच नेमकं पोराच्या भल्याचं कसं आहे, ते लगेच पटवून देतं. माऊ स्वयंपाकघरात गेली, भाताचं पातेलं उतरवायला लागली, आणि मनगट पुन्हा गेलं. पातेलं ओट्यावर आदळलं. सांडलं नाही, पण ती तिथेच उभी राहिली.

मग बाहेर येऊन म्हणाली, "काही कळवू नकोस. ती पोरगी बरोबर बोलली. मला खुर्ची होता येत नाही. कधीच आलं नसतं. उद्या मी सांगून सोडते तिला."

शुक्रवारी सकाळी माऊ दारात खाली बसली, खारूच्या डोळ्यांना डोळे भिडतील इतकी खाली. थोरल्या बाईंनी शिकवलेलं, आणि तिनं स्वतः शेकडो आयांना शिकवलेलं, तसंच ती बोलली. "माऊ जाते. तू जेवशील, झोपशील, उठून दूध पिशील. मग माऊ येते." आवाज कापला नाही. ताईनं हात पुढे केले. खारूनं माऊची कॉलर धरली होती, ती एकेक बोट करून सोडवावी लागली. मग दार लागलं आणि आतून हंबरडा ऐकू आला. "माऊ."

आता खरी गंमत सांगायची तर ही, की माऊ आजवर अशा दाराच्या आतच राहिली होती. आई गेल्यावर पोर किती वेळ रडतं, ते तिला नेमकं ठाऊक होतं. आईची पाठ दिसेनाशी झाली की सूर उतरतो, मग हुंदके, मग एखादा चमचा आपटून बघायची इच्छा. "तुम्ही शेड ओलांडायच्या आत गप्प होतं हो," हे वाक्य तिनं इतक्या जणींना इतक्या सहज सांगितलं होतं. पण गप्प झालेलं पोर त्या जणींना कधी ऐकूच आलं नव्हतं. त्या रडणं घेऊन हॉलमध्ये जायच्या आणि संध्याकाळपर्यंत ते त्यांच्या कानात तसंच चालू असायचं, खसखशीएवढे स्क्रू बसवताना. पहारेकरी एकदा म्हणाला होता, की काही जणी शेडमध्ये कुणाच्याही सायकलच्या सीटवर हात ठेवून उभ्या राहतात. माऊ तेव्हा हसली होती, कशाला उगाच खोळंबतात म्हणून. आता पाळणाघराच्या भिंतीला हात टेकून ती स्वतः उभी होती आणि पाऊल निघत नव्हतं. त्या सगळ्या जणींना एकेक करून गाठावं आणि काहीतरी सांगावं असं तिला वाटलं. काय ते कळलं नाही.

मग आतला आवाज उतरला. हुंदके आले. ताई काहीतरी गुणगुणत होती. आणि थांबलं.

याचसाठी तर सगळा आटापिटा केला होता. आणि तरी, इतक्या लवकर थांबली, असं तिच्या मनात आलं, आणि मनात आलं म्हणून तिला स्वतःची शरम वाटली. ती घरी गेली नाही. समोरच्या बागेतल्या बाकावर जाऊन बसली, दुपार होईपर्यंत बसली, मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवून.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा खारू ताईच्या मांडीवर होती, हातात लाकडी चमचा, गालावर वाळलेलं दूध. ताईचा चेहरा उजळला होता. "आजी, जेवली. झोपली. उठून फुगे फोडले. एकदाही..." तेवढ्यात खारूनं वर बघितलं. माऊ दिसली. चमचा हातातून पडला, ओठ वाकडे झाले, आणि तिनं असा टाहो फोडला की सकाळचं रडणं त्यापुढे काहीच नव्हे. ताई गोरीमोरी झाली. "आजी, शपथेवर सांगते, दिवसभर छान होती हो."

"माहीत आहे मला," माऊ म्हणाली. तिनं खारूला घेतलं, बाहेर पायरीवर बसली आणि तिला मांडीवर मोकळं सोडलं. खारू पाय झाडत होती, मुठीनं माऊच्या छातीवर मारत होती, पुन्हा तिलाच घट्ट धरत होती.

लेकीला घरी दम निघाला नव्हता. ती गल्लीच्या तोंडाशी आली, आवाज ऐकला आणि धावत सुटली. "झालं ना? म्हटलं होतं मी. दिवसभर अशीच रडली असेल. मी आत्ता फोन करते, नाही येत म्हणून."

"दिवसभर नाही रडली," माऊ म्हणाली. "मी दिसले तेव्हा रडायला लागली."

"मग का रडतेय?"

"मी दिसले म्हणून. एवढं सगळं तिनं दिवसभर जवळ ठेवलं, दुसऱ्या कुणाला दिलं नाही. माझ्यासाठी ठेवलं होतं. रडू दे तिला. तू सोमवारी कामावर जा."

लेक पायरीवर तिच्या शेजारी बसली. खारूचा एक बूट पडला होता तो उचलून हातात धरला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मी रडायचे का गं, संध्याकाळी?"

"रोज," माऊ म्हणाली. "मी तुला उंच मावशीकडून घेतलं की सुरू, ते घर येईपर्यंत. दुसऱ्यांच्या आयांना मी समजावून सांगायचे, अहो, आपल्या माणसाजवळच रडतं पोर. त्यांना सांगितलं, पण स्वतःला पटलं नाही कधी. मला वाटायचं, तू माझ्यावर रागावलीयस. दुसऱ्यांची घेते आणि तुला घेत नाही, म्हणून."

लेकीनं माऊच्या अधू मनगटाखाली आपला हात नेऊन आधार दिला, आणि खारूचं रडून होईपर्यंत तिघी तिथेच बसून राहिल्या.